चार चाके, तीन डिफरन्शियल आणि निर्णयाचा अधिकार

१/
‘१९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडीने क्वाट्रो सादर केली आणि वेगवान मोटारींचा इतिहास बदलला,’ अशा आशयाचे विधान मोटारींविषयीच्या लेखनात वारंवार भेटते. विधान खोटे नाही, पण त्यातून एक सोयीस्कर चित्र तयार होते. एका कंपनीला कल्पना सुचली, मग तंत्रज्ञान पायरीपायरीने सुधारत गेले आणि अखेरीस संगणकाने सगळे प्रश्न सोडवले, असे ते चित्र आहे. पुराव्यांसमोर ते टिकत नाही. हा थ्रेड त्या शिडीसारख्या इतिहासाविषयी आहे.

२/
चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचवणे हा प्रश्न फार लवकर सुटला होता. नेदरलँड्समधील स्पायकर कंपनीने १९०३ सालीच चारही चाके फिरवणारी पेट्रोलवरची शर्यतीची मोटार बांधली होती. खरा वाद त्यापुढचा आहे: कोणत्या चाकाला किती शक्ती द्यायची आणि हे ठरवायचे कोणी? दातेरी चाकांनी, चालकाने, संगणकाने की शर्यतीच्या नियमपुस्तिकेने? डिफरन्शियलचा इतिहास हा या अधिकाराच्या वाटपाचा इतिहास आहे आणि त्याची दिशा एकदाही सरळ राहिलेली नाही.

३/
आधी मूळ अडचण. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते. लेझीमची रांग वळते तेव्हा बाहेरच्या टोकाचा गडी पळतो आणि आतला जवळजवळ जागेवरच पावले टाकतो, तसेच हे आहे. बैलगाडीला ही अडचण कधी आली नाही, कारण तिची चाके आसावर मोकळी फिरतात आणि ओढणारे बळ बैलांचे असते. ज्या दिवशी यंत्राने चाकच फिरवायला घेतले, त्या दिवशी प्रश्न निर्माण झाला. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडली, तर वळणावर त्यांपैकी एकाला घसरावेच लागते.

४/
फ्रान्सच्या ओनेझिफोर पेकर याने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी यावर उत्तर काढले आणि त्याचे पेटंट घेतले. ५० वर्षांनी, १८७७ साली, इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीत जेम्स स्टार्लीने तेच तत्त्व तीनचाकी सायकलला लावले. प्राचीन चीनच्या दक्षिणदर्शक रथातही अशीच रचना असावी, असा तर्क केला जातो. पण मूळ रथ उपलब्ध नाही. ग्रीसच्या अँटिकिथेरा यंत्रात डिफरन्शियल असल्याचे मत डेरेक डी सोला प्राइस यांनी मांडले होते. नंतरच्या अभ्यासाने ते मागे पडले. ‘सर्वात आधी कोणी’ या प्रश्नाचा मोह किती फसवा असतो, हे या दोन उदाहरणांतून दिसते.

५/
पेकरच्या रचनेत एक खोट होती. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, पण फिरवणारे बल, म्हणजे टॉर्क, दोघांना सारखेच देते. एक चाक चिखलात सापडले की त्याला फिरवायला फारसा टॉर्क लागत नाही. मग कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच क्षुल्लक टॉर्क मिळतो. चिखलातले चाक गरगरते आणि गाडी जागची हलत नाही. संथ गाड्यांच्या काळात हे चालून गेले. इंजिने बलाढ्य झाल्यावर कोरड्या रस्त्यावरही तेच घडू लागले.

६/
१९३०च्या दशकात ऑटो युनियनच्या शर्यतीच्या मोटारींचे एक मागचे चाक मोठ्या वेगातही नुसते फिरत राही. फर्डिनांड पोर्शे यांनी झेडएफ या जर्मन कंपनीकडून त्यावर उपाय करवून घेतला. चाकांच्या गतीत फरक पडू द्यायचा, पण मर्यादेपलीकडे नाही, असे त्याचे सूत्र होते. त्यातून पुढे ‘लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल’ ही संज्ञा रूढ झाली. मर्यादा कोठे आखायची, हा प्रश्न तिथून सुरू झाला. आज गॅरेजमध्ये ज्याला ‘डिफ ट्यून करणे’ म्हणतात, ते ही मर्यादारेषा हलवण्याचेच काम आहे.

७/
चारही चाके चालवणाऱ्या मोटारीत हा प्रश्न तिप्पट होतो. पुढच्या दोन चाकांमध्ये एक डिफरन्शियल, मागच्या दोनांत दुसरे आणि पुढचा व मागचा आस यांच्यामध्ये तिसरे. तिसऱ्याची गरज पटकन लक्षात येत नाही. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. मधले डिफरन्शियल नसेल, तर कोरड्या रस्त्यावर पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी झगडतात, टायर घासतात आणि गाडी वळायला नाखूश होते.

८/
हे कोडे गांभीर्याने सोडवू पाहणारी पहिली मोठी संस्था ऑडी नव्हती. ती हॅरी फर्ग्युसन यांची ब्रिटिश संशोधन कंपनी होती. ट्रॅक्टरवाले फर्ग्युसन ते हेच. त्यांच्या कंपनीने बांधलेली पी ९९ ही मोटार स्टर्लिंग मॉस यांनी १९६१ साली ओल्टन पार्कच्या गोल्ड कप शर्यतीत चालवली आणि जिंकली. ही शर्यत विश्वविजेतेपदाच्या गुणांसाठी नव्हती. तरी फॉर्म्युला वनची शर्यत जिंकणारी चारचाकी चालनाची ती एकमेव मोटार ठरली. त्याच पद्धतीची जेन्सन एफएफ ही रस्त्यावरची मोटार १९६६ साली आली. तिच्यात ३७ टक्के टॉर्क पुढे आणि ६३ टक्के मागे जात असे. अशा केवळ ३२० मोटारी बनल्या.

९/
१९६९ साली लोटस, मॅट्रा आणि मॅक्लारेन यांनी फॉर्म्युला वनमध्ये चारचाकी चालनाचे प्रयोग केले. ते फसले. त्याच सुमारास रुंद टायर आणि पंख यांनी मागच्या दोन चाकांनाच पुरेशी पकड मिळवून दिली होती. जादा वजन आणि गुंतागुंत अंगावर घेण्याचे कारण उरले नाही. पुढे १९८३पासून नियमांनीच चारचाकी चालनावर बंदी घातली. तंत्र निकृष्ट ठरले म्हणून ते मागे पडले, असे नव्हे. ज्या परिस्थितीने त्याला अर्थ दिला असता, ती परिस्थिती डांबरी, सपाट सर्किटवर नव्हती. खडी, बर्फ आणि चिखल यांच्या रॅलीत मात्र ती होती.

१०/
रॅलीत हे तंत्र आले ते कष्टकऱ्यांच्या वाहनांतून. जपानमध्ये तोहोकू भागातील वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांना हिवाळ्यात डोंगराळ भागात दुरुस्तीला जावे लागे. त्यांच्या गरजेतून सुबारूने चारचाकी चालनाची गाडी घडवली आणि १९७२ साली लिओन एस्टेट बाजारात आली. जर्मनीत फोक्सवॅगनच्या इल्टिस या लष्करी वाहनाने बर्फावर दाखवलेली चपळाई पाहून ऑडीचे अभियंते यॉर्ग बेन्सिंगर यांना क्वाट्रोची कल्पना सुचली. तारतंत्री, सैनिक आणि ट्रॅक्टर बनवणारा उद्योजक यांना वगळून वेगवान मोटारींचा हा इतिहास लिहिता येत नाही.

११/
पहिल्या क्वाट्रोत मधले डिफरन्शियल साधेच होते. घसरणीत अडकल्यास मधले आणि मागचे डिफरन्शियल पूर्ण जखडण्याची सोय चालकाच्या हाती दिली होती. म्हणजे निर्णय माणसाचा आणि तोही दोनच टोकांचा: पूर्ण मोकळे किंवा पूर्ण बंद. या मोटारीने रॅलीचे जग बदलले, हे खरेच आहे. १९८१ साली सानरेमोत मिशेल मूटों यांनी तिच्यातूनच विश्वरॅलीची फेरी जिंकली. असा विजय मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पण क्वाट्रोची वळणावर सरळ पुढे सरकण्याची खोडही तितकीच खरी होती. इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे बसवले होते आणि चारही चाकांना मिळणारी शक्ती त्या वजनावरचा उपाय नव्हती.

१२/
पुढच्या काही वर्षांत निर्णय धातूकडे आणि द्रवाकडे गेला. व्हिस्कस कपलिंगमध्ये सिलिकॉनच्या दाट द्रवात चकत्यांच्या जोड्या फिरतात. दोन बाजूंच्या गतीत फरक पडला की द्रव विरोध करतो आणि शक्ती दुसऱ्या बाजूला जाते. म्हणजे आधी चाक घसरायला हवे, मग मदत. याउलट व्हर्नन ग्लीसमन यांनी शोधलेले टॉर्सन हे टॉर्कला प्रतिसाद देते. पकड असलेल्या बाजूला ते घसरत्या बाजूच्या काही पट टॉर्क देते आणि तेही जवळजवळ तत्काळ. मात्र एक चाक हवेत गेले की गणित कोसळते, कारण शून्याची कितीही पट केली तरी शून्यच. लॅन्शिया डेल्टा इंटिग्रालेत म्हणूनच दोहोंचा मेळ होता: मध्ये व्हिस्कस आणि मागे टॉर्सन.

१३/
मग संगणक आला. १९८९च्या निस्सान स्कायलाइन जीटी-आर, म्हणजे आर ३२, या मोटारीत एरवी सारी शक्ती मागच्या चाकांना जाई. ती घसरू लागली की संगणक एका क्लचद्वारे निम्म्यापर्यंत टॉर्क पुढे पाठवी. जपानमधील ग्रुप ए मालिकेत १९९० ते १९९३ या काळात ही मोटार २९ शर्यतींत उतरली आणि २९ जिंकली. ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टची शर्यत तिने १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ जिंकली. १९९३पासून तिथल्या नियमांत तिच्यासारख्या मोटारींना जागा राहिली नाही. तंत्र अजिंक्य ठरले की निर्णय नियमपुस्तिका आपल्याकडे घेते, हे इथे पुन्हा दिसले.

१४/
१९९०च्या दशकात सुबारू आणि मित्सुबिशी यांनी एकाच प्रश्नाला जवळजवळ विरुद्ध उत्तरे दिली. इम्प्रेझाच्या खास आवृत्त्यांत चालकासाठी एक छोटी चकती होती. ती फिरवून मधले डिफरन्शियल किती जखडायचे हे ठरवता येई. या पद्धतीचे नावच ‘चालक-नियंत्रित’ होते. मित्सुबिशीने १९९६च्या लान्सर इव्होल्यूशन ४मध्ये मागच्या डिफरन्शियललाच डाव्या-उजव्या चाकांतील टॉर्क बदलण्याची ताकद दिली, म्हणजे गाडी वळवण्याच्या कामात संगणक सहभागी झाला. २००१च्या इव्होल्यूशन ७मध्ये मधले डिफरन्शियलही त्याच्या ताब्यात गेले. चालकाने फक्त डांबर, खडी की बर्फ एवढेच सांगायचे. यांपैकी कोणते तत्त्व श्रेष्ठ, हा वाद दोन्ही गोटांत आजही संपलेला नाही, आणि तो संपण्याचे कारणही नाही.

१५/
शिडीच्या इतिहासाला सर्वात मोठा धक्का विश्वरॅलीच्या नियमांतून बसतो. २००६ साली पुढची आणि मागची संगणकनियंत्रित डिफरन्शियल बंद झाली. यांत्रिक बंधनकारक झाली. २०११ साली मधले डिफरन्शियलच गेले आणि पुढचा-मागचा आस घट्ट जोडला गेला. २०१७ साली संगणकनियंत्रित मधले डिफरन्शियल परत आले. २०२२च्या नव्या नियमांत ते पुन्हा गेले. १६ वर्षांत चार वळणे! यात ‘प्रगती’ कोणत्या वर्षी झाली आणि ‘पीछेहाट’ कोणत्या? खर्च, स्पर्धेतील चुरस आणि चालकाच्या कौशल्याला दिलेली किंमत यांचे पारडे दर वेळी वेगळे झुकले, एवढेच म्हणता येते.

१६/
हा इतिहास आजच्या गॅरेजपर्यंत कसा पोहोचतो, ते पाहू. शर्यतीसाठी सर्वाधिक बसवले जाणारे डिफरन्शियल चकत्यांचे असते. त्यात आतला दांडा उतरत्या खाचांवर दाबला जातो, खाचा दोन कड्यांना बाहेर ढकलतात आणि घर्षणाच्या चकत्या आवळल्या जातात. खाचेचा कोन जितका लहान, तितकी पकड अधिक. ४५ अंशांची खाच ८० अंशांच्या खाचेपेक्षा कितीतरी घट्ट धरते. चकत्यांची संख्या, आधीच दिलेला दाब आणि तेलाचा प्रकार हे उरलेले घटक. फक्त वेग वाढवताना धरणारे ते ‘वन-वे’, पाय काढल्यावरही तितकेच धरणारे ते ‘टू-वे’ आणि पाय काढल्यावर कमी धरणारे ते ‘दीड-वे’.

१७/
चारचाकी चालनात यांतला कोणताही आकडा एकटा राहत नाही. पुढचे डिफरन्शियल फार घट्ट केले की स्टीअरिंग जड होते आणि मोटार वळणाबाहेर सरकते. मागचे घट्ट केले की ब्रेक लावताना स्थैर्य येते, पण शक्ती देताना शेपूट सुटू शकते. मधले जखडले की खडीवर पकड वाढते, मात्र अरुंद वळणावर आस भांडू लागतात. शिवाय हँडब्रेक ओढून मोटार फिरवायची तर मागच्यांबरोबर पुढची चाकेही अडतात. म्हणूनच इव्होल्यूशन ७मध्ये हँडब्रेक ओढताच मधले डिफरन्शियल मोकळे होते. एका आसाचा निर्णय दुसऱ्या आसावर लादला जातो; तिन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो.

१८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे एक ओळखीची चूक दिसेल: संदर्भ तोडून उद्धृत करणे. विजेत्या रॅलीकारमध्ये पुढेमागे अमुक कोनाच्या खाचा होत्या, म्हणून त्या घाटरस्त्यावर रोज चालणाऱ्या मोटारीत बसवणे, हे बखरीतले एक वाक्य उचलून त्यावर सिद्धान्त उभारण्यासारखे आहे. ते कोन विशिष्ट खडीसाठी, विशिष्ट टायरसाठी, डाव्या पायाने ब्रेक लावणाऱ्या एका विशिष्ट माणसासाठी होते. साधनचिकित्सा दस्तऐवजाला लागते, तशीच ती सुट्या भागालाही लागते: हा भाग कोणत्या जमिनीवर, कोणत्या नियमांखाली, कोणासाठी घडला?

१९/
या चिकित्सेचा सर्वात साधा धडा टायरमध्ये आहे. पुढच्या आणि मागच्या टायरांचा घेर वेगळा असेल, तर सरळ रस्त्यावरही मधल्या कपलिंगला वाटते की कोणीतरी घसरते आहे. ते अखंड राबते, तापते आणि निकामी होते. पुढच्या-मागच्या अंतिम गिअरचे गुणोत्तर जुळवले नाही, तर तेच घडते. जुने व्हिस्कस कपलिंग वयानुसार मूळ स्वभाव सोडते. महाग डिफरन्शियल घेण्यापूर्वी जुने काय करते आहे हे तपासणे, हा अभियंत्याचा आणि इतिहासकाराचा समान शिष्टाचार आहे.

२०/
आता वर्तमान. २०१६च्या फोर्ड फोकस आरएसमध्ये मागे डिफरन्शियलच नव्हते. दोन चाकांसाठी दोन क्लच होते. २०२०च्या टोयोटा जीआर यारिसमध्ये मधले डिफरन्शियल नाही. एक क्लच आणि ६०:४०, ३०:७०, ५०:५० अशा तीन पद्धती आहेत. क्रोएशियाच्या रिमॅक नेवेरात चार चाकांसाठी चार विद्युत मोटरी आहेत आणि डावे-उजवे, पुढे-मागे सारे वाटप आज्ञावलीत होते. पेकरचा प्रश्न कायम आहे, त्याचे दातेरी उत्तर मात्र मोटारीतून नाहीसे होऊ लागले आहे.

२१/
याला प्रतिगामी सूर लावण्याचे कारण नाही. पावसाळी घाटात अचानक घसरलेल्या चाकाला सावरणे संगणकाला माणसापेक्षा लवकर जमते आणि त्याने जीव वाचतात. आक्षेप वेगळा आहे. १९९५ची रॅलीकार आज उघडली, तर खाचांचे कोन मोजता येतात, चकत्या मोजता येतात, त्यांची झीज पाहता येते. ती मोटार कोणत्या जमिनीसाठी आणि कशा चालकासाठी सजवली होती, याचा अंदाज धातूवरून बांधता येतो. आज्ञावलीतला निर्णय असा वाचता येत नाही. तो कुलूपबंद असतो, नव्या आवृत्तीखाली पुसला जातो आणि कंपनीने जपला नाही तर कायमचा जातो.

२२/
दुसरे नुकसान प्रेमापोटी होते. जुन्या इम्प्रेझा आणि लान्सर आता संग्राह्य ठरल्या आहेत. त्यांना ‘मूळ स्थितीत’ आणण्यासाठी नंतर बसवलेली डिफरन्शियल काढून भंगारात टाकली जातात. पण ते बदल हासुद्धा त्या मोटारीच्या चरित्राचा भाग आहे. जुन्या वाड्याचे नंतरचे मजले पाडून टाकताना पुराजतन करणारे आज दहा वेळा विचार करतात. मोटारींच्या बाबतीत तो विवेक अजून रुजायचा आहे. क्वाट्रोच्या पहिल्या विक्रीपत्रकाला मोल मिळते. मेकॅनिकच्या तेलकट वहीला मिळत नाही.

२३/
त्या वहीतच खरा इतिहास आहे. कोणत्या दिवशी खाचेचा कोन बदलला, किती चकत्या घातल्या, कोणते तेल ओतले, टायर कोणते होते, चालकाची तक्रार काय होती आणि बदलानंतर ती गेली का, या सहा नोंदी एका पानावर मावतात. कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकात त्यांतली एकही सापडत नाही. तंत्राचा इतिहास केवळ संशोधक आणि विजेते यांच्या नावांवर लिहायचा नसेल, तर ही पाने साधने म्हणून जमवावी लागतील. संगणकनियंत्रित मोटारींच्या बाबतीत आज्ञावलीच्या जुन्या आवृत्त्याही.

२४/
डिफरन्शियल बदलणाऱ्याने म्हणूनच दोन गोष्टी कराव्यात. काढलेला भाग फेकू नये. त्यावर तारीख आणि मोटारीचे नाव लिहून ठेवावे. आणि नवा भाग का बसवला, हे दोन ओळींत नोंदवावे. स्पायकरपासून नेवेरापर्यंतच्या मोटारींनी एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. त्यांतली बरीचशी उत्तरे अजून कुठल्यातरी गॅरेजच्या फळीवर, खोक्यात, तेलाच्या थराखाली पडून आहेत. ती भंगाराच्या गाडीत जाण्याआधी कोणीतरी मोजून घ्यायला हवीत.